गटारातला खेकडा

खेळ म्हटलं की शिवणकामवाल्या मावशींच्या कपाळावर आठी पडायची. त्यात भाचीने चांगली नोकरी सोडून मोबाइलवरचा खेळ बनवायला घेतला. विषय काय, तर मावशींच्या दुकानामागचं गटार! त्यावर स्लॅब टाकून गाड्या लावायला जागा करायचं ठरलं होतं आणि गल्ली खूश होती. भाचीला ते पाणी उघडं राहायला हवं होतं. ती त्याला नदी म्हणायची. ऐकणाऱ्यांची करमणूक व्हायची, दुसरं काही नाही.

"मावशी, एकदा खेळून बघ ना. या खेकड्याला घरी पोचवायचंय."

मावशींनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि खेकड्याला काठाकाठाने नेलं. कावळ्याने उचलला. पुन्हा नेला. कुत्र्याने पळवला.

"अगं, पाण्यात उतरव की त्याला!"

"गटारात? जिवंत प्राण्याला? डोकं फिरलंय का तुझं?"

भाची हसत सुटली. पण गल्लीतल्या चावीवाल्याने तेच केलं, इस्त्रीवाल्यानेही तेच, तेव्हा तिचं हसू मावळलं. खेळातसुद्धा कुणी पाण्यात उतरेना, मग खऱ्याची काय कथा! तिने खेळातला काठच सरळ उडवून टाकला. आता खेळ सुरू व्हायचा तोच पाण्याखाली.

मावशींनी पुन्हा मोबाइल हातात घेतला. वरून हिरवा उजेड झिरपत होता. दगडांना चिकटलेल्या गोगलगायी, अंड्यांच्या माळा, काचेसारखे आरपार झिंगे. आणि पाण्याच्या वर एक खिडकी हलत होती. त्यांच्याच दुकानाची.

"हे सगळं तू मनाने रचलंस?"

"छे गं. काठीला कॅमेरा बांधून आत सोडला होता. दिसलं तेवढंच घातलंय."

मावशी उठल्या, टेप गळ्यातच. वासामुळे कायम बंद असलेलं मागचं दार त्यांनी ढकललं आणि पायरीवर ओणव्या झाल्या. पिशव्या, साबणाचा फेस. फेसाखाली एका दगडाने पाय हलवले.

"अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग म्हणाल्या, "दे तो खेळ सगळ्यांना. नाही खेळले तर कान धरून आणते एकेकाला."

स्लॅबची आखणी करायला इंजिनियर पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन आला, तेव्हा अख्खी गल्ली काठावर वाकलेली.

"काय पडलं गटारात?"

"नदीत!" चावीवाला खेकसला आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच चपापला.

"हळू बोला हो," मावशी कुजबुजल्या, "आत जाईल खेकडा."

इंजिनियरही वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने विचारलं, "हे पाणी येतं तरी कुठून?"

सगळा जन्म इथे गेलेला, पण एकालाही सांगता येईना. इंजिनियरने पिशवी न उघडताच भिंतीला टेकवली.

"ते बघितल्याशिवाय झाकायचं म्हणजे... नाही, आज आखणी नको."

मावशींनी भरदिवसा, गिऱ्हाईक दारात उभं असताना, दुकानाला कुलूप घातलं आणि सगळ्यांच्या पुढे होऊन पाणी येत होतं त्या दिशेला चालू लागल्या.