दुसरी वाफ

पुण्याहून आलेल्या बाईंसमोर वैशालीनं कढईत कुरडई सोडली आणि ती फुललीच नाही. तेल चांगलं तापलेलं होतं. कुरडई तळाशी गेली, थोडी हलली आणि तारेचं वेटोळं पडावं तशी पडून राहिली. वैशालीनं झाऱ्यानं दाबली. दुसरी टाकली. मग आणखी एक टाकली, ती तेलात पडताच तुटली. त्या बाई मोठ्या दुकानांसाठी माल घेणाऱ्या होत्या. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला, दाताखाली धरला आणि गुपचूप रुमालात काढला. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, काय चुकतंय हो?"

मी म्हणाले, "अगं, मशीनला कुठं हातगुण असतो?"

सगळ्या बायका हसल्या. त्या पुण्याच्या बाईसुद्धा हसल्या.

काय चुकतंय ते मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवरा होता तोवर त्याच्याजवळ नाही, मुलाजवळ नाही, सुनेजवळ तर नाहीच. आता लिहून काढते. बरं वाटावं म्हणून नाही. बरं वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आधी कुरडईचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चांगले मऊ झाले की वाटून चीक काढायचा. चीक रात्रभर ठेवला की वर पाणी निवळतं, ते काढून टाकायचं. मग तो उकळत्या पाण्यात शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा, उन्हात वाळवायचा. नाशिकमध्ये हे घरोघरी करतात, त्यात विशेष काही नाही. पण माझी कुरडई तळली की कढईभर व्हायची आणि तोंडात विरघळायची. मखमलाबाद नाक्यापासून पंचवटीपर्यंत बायका म्हणायच्या, शकूमावशीच्या हाताला गुण आहे.

गुण कसला? डोंबल. एक वाफ आली की झाकण काढायचं, चिकावर पाण्याचा हबका मारायचा, खालवर हलवायचं, पुन्हा झाकण ठेवून मंद आचेवर दुसरी वाफ आणायची. एवढंच. एका वाफेवर चीक वरून शिजलेला दिसतो, चकाकतो, हाताला चिकटत नाही — पण आत कच्चा असतो. वाळताना त्याला तडे जातात आणि तेलात तो फुलत नाही. सगळा हातगुण तो एवढा. चौथी शिकलेल्या बाईला जमतं, कुणालाही जमेल.

पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हाताचं कौतुक करायचे आणि मी हात पदराला पुसत उभी राहायचे.

वैशाली शेजारच्या घरातली सून. माहेर पिंपळगावचं, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही पाच-सात जणी उन्हाळ्यात वाळवणं करून विकायचो, उन्हाळा संपला की हात बांधून बसायचो. तिनं वर्षभर हे बघितलं आणि एक दिवस सगळ्यांना तिच्या गच्चीवर बोलावलं. म्हणाली, प्रत्येकीला जे येतं ते प्रत्येकीनं सांगायचं. हातचं राखायचं नाही. मी फोनवर चित्रण करते, आपल्या ग्रुपवर टाकते. सगळ्यांचं सगळ्यांना यायला लागलं की एक जण आजारी पडली म्हणून काम अडायचं नाही, आणि मग यंत्रं घेता येतील. यंत्र आलं की पावसाळ्यातसुद्धा माल निघेल. वर्षभर काम.

खुळी वाटली का ती मला? नाही. ती बरोबर बोलत होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. लिहिताना हे वाक्य दोनदा खोडलं, पण खरं तेच आहे.

बायकांनी सांगितलं. कमल आडगावची, तोंडाची फाटकी. तिच्या उडदाच्या पापडाला तोड नव्हती. तिनं खाराचं प्रमाण, पीठ किती कुटायचं, किती वेळ मुरवायचं, सगळं फोनसमोर बसून सांगितलं आणि शेवटी फोनलाच म्हणाली, "घ्या! आता मी मेले तरी पापड जित्ता हाय." सगळ्या पोट धरून हसल्या. वैशालीला म्हणाली, "लय हुशार गं तू. आमच्या समद्या सासवांची अक्कल फोनात भरलीस. आता सासू पाहिजे कशाला घरात?" वैशाली म्हणाली, "भांडायला, कमलमावशी." तिची सासू जिन्यात उभी होती, तिनं ऐकलं. पुढं हे वाक्य तिनं वैशालीला बरेच दिवस ऐकवलं.

कमलला सांगताना काही वाटलं नाही. मला का वाटावं?

यंत्र आलं. वाफेवर चालणारं मोठं पातेलं, आत दांडा आपोआप फिरणारा, बाहेर बटणं — किती ताप, किती वेळ, ते ठरवून द्यायचं. सोबत वाळवण्याचं कपाट, त्यात गरम हवा फिरायची. वैशालीनं पूजेचा नारळ माझ्या हातून फोडवला. मग मला खुर्ची दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, आता तुम्ही फक्त इथं बसायचं. पाठ मोडून घ्यायची नाही. बटण आम्ही दाबू." बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्या पाठीच्या काळजीनं बोलली होती, माझी पाठ तेव्हा फार दुखायची. मी ऐकलं ते वेगळंच. मी ऐकलं, की आता तुझं काम नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात फोन घेऊन आली. पत्र्याच्या डब्यावर फोन उभा केला. म्हणाली, यात जसं दिसेल तसं मी मशीनला लावणार, म्हणून सावकाश करा. मी सावकाश केलं. गहू दाखवले, चीक दाखवला, पाणी किती, मीठ कधी, हिंग कधी — सगळं खरं सांगितलं. झाकण ठेवलं. वाफ आली. मी झाकण काढलं, चमचाभर चीक तिला दाखवला आणि फोनकडे बघून म्हणाले, "एक वाफ आली की झालं."

तिनं फोन बंद केला. मी म्हणाले, "वैशू, वर माळ्यावर सोऱ्या आहे, तेवढा काढून आण."

ती स्टूल घेऊन आतल्या खोलीत गेली. सोऱ्या वर नव्हता, ओट्याखालीच होता. ती शोधत होती तोवर मी हबका मारला, चीक खालवर केला आणि झाकण ठेवून दुसरी वाफ आणली. ती आतून ओरडत होती, "मावशी, दिसत नाही हो!" मी म्हणत होते, "नीट बघ, मागच्या बाजूला." वाफ आली तेव्हा मी म्हणाले, "अगं बाई, इथंच आहे की गं, म्हातारी झाले मी." ती हसत बाहेर आली. तिच्या केसांना जळमटं लागली होती. ती मी हातानं काढली.

हे असं झालं. चुकून राहिलं नाही, विसरले नाही. जळमटं काढताना तिनं विचारलंसुद्धा, "काही सांगायचं राहिलं नाही ना?" मी म्हणाले, "काही नाही गं."

माझी सासू मनमाडची. दुसऱ्या वाफेच्या वेळी तीही मला काहीतरी आणायला पाठवायची. मी दाराच्या फटीतून बघून शिकले. म्हणून मी तसं केलं, असं कुणी म्हणू नये. दाराच्या फटीशी उभं राहताना काय वाटतं ते मला माहीत होतं, तरी मी केलं.

त्या दिवशीच्या कुरडया सुरेख झाल्या. ग्रुपवर सगळ्यांनी फुलं टाकली.

यंत्रातल्या नाही झाल्या. होणारच नव्हत्या. यंत्र काही खोटं बोललं नाही, त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं. पहिल्या खेपेला कपाटातच तडे गेले. वैशालीनं गहू बदलला. मग पाणी बदललं, नळाचं सोडून विकतचं आणलं. कपाटातली हवा कमी-जास्त करून बघितली. चीक जास्त वेळ शिजवूनही बघितला, तर तो घट्ट होऊन साच्यातून उतरेना. यंत्रवाल्याला गुजरातमधून बोलावलं. तो बिचारा सगळं उघडून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मशीन में कुछ नहीं है, आपकी रेसिपी देखो." वैशालीला राग आला. म्हणाली, "रेसिपी आमच्या मावशींची आहे. ती चुकणार नाही."

मी तिथंच उभी होते. तिनं दिलेला चहा पीत होते.

ते चित्रण ती पुन्हा पुन्हा बघायची. मी वाफेचा शब्द बोलते तिथं थांबवून, मागं नेऊन, पुन्हा. तिनं सगळ्यावर शंका घेतली — गव्हावर, पाण्यावर, विजेवर, यंत्रावर, शेवटी स्वतःच्या डोक्यावर. माझ्या शब्दावर घेतली नाही. घ्यायला हवी होती, असं मला किती वेळा वाटलं! चिडायचे मी तिच्यावर. एवढी शिकलेली, आणि म्हातारीनं सांगितलं म्हणून खरं धरतेस? विचार ना पुन्हा! ती विचारायची. आणि मी सांगायचे नाही.

मग आधीच ठरल्याप्रमाणे ती पुण्याची बाई आली, ते वर सांगितलंच. ती वर्षभराचं काम देणार होती. नागलीच्या म्हणजे नाचणीच्या कुरडया, बीट घातलेल्या कुरडया, वैशालीनं काय काय ठरवून ठेवलं होतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. पातेलं तिथं होतं, चीक तिथं होता, पाणी तिथं होतं. लाज वाटली म्हणून गप्प बसले का? नाही. खरं सांगू? मशीनला जमत नाही हे बघून मला बरं वाटत होतं.

पुण्याचं काम हातचं गेलं आणि सगळं भराभर मोडलं. माझं ते हातगुणाचं वाक्य बायकांच्या तोंडात बसलं. कुणी नवीन काही काढलं की म्हणायच्या, मशीनला हातगुण नसतो. कमलसुद्धा म्हणायला लागली, जिनं सगळं मोकळेपणानं देऊन टाकलं होतं ती. यंत्र मालेगावकडच्या कुणीतरी नेलं. वैशालीची सासू गल्लीत उभी राहून सांगायची, "फोनात बघून कुणाला कुरडया येतात का? शिकलेल्या ना त्या!" वैशालीच्या नवऱ्यानं आईला अडवलं नाही. बायका पुन्हा उन्हाळ्यापुरत्या झाल्या. दोघी-तिघी धुण्याभांड्याच्या कामाला लागल्या. ग्रुपवर आता फक्त सुप्रभात येतं.

आणि माझं काय झालं? माझा सत्कार झाला. महिला दिनाला एका संस्थेनं बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. एका प्राध्यापक बाईंनी भाषण केलं, की अशा स्त्रियांनी पारंपरिक ज्ञान जपलं आणि पुढच्या पिढीला दिलं. दिलं म्हणे! मी शाल घेतली. वैशाली मागच्या रांगेत होती. तोवर ती नोकरीला लागली होती, माझ्यासाठी तिनं सुट्टी काढली होती. ती टाळ्या वाजवत होती, आणि तिचा चेहरा खरोखर आनंदी होता. मला तिच्या त्या चेहऱ्याचा इतका राग आला की मी जेवायलासुद्धा थांबले नाही.

मागच्या महिन्यात सुनेनं मॉलमधून कुरडयांचं पाकीट आणलं. कुठल्या तरी कारखान्यातलं, सगळ्या कुरडया एकसारख्या. मी म्हणाले, तळ बघू. तिनं तळल्या. फुलल्या. कढईभर झाल्या. तोंडात विरघळल्या. माझ्यासारख्याच होत्या, तसूभरही कमी नाहीत. कुणीतरी कुठंतरी यंत्राला खरं सांगितलं होतं. सून म्हणाली, "पण तुमच्या हाताची सर नाही हो, आई." मी तिच्यावर उगीच खेकसले. ती अजून फुगून आहे.

आता म्हणाल, वैशालीला जाऊन सांगितलं का? नाही. ती रोज दिसते. सांगितलं तर ती म्हणेल, जाऊ द्या मावशी. ती तशीच आहे. आणि ते तिच्या तोंडून ऐकण्याचा मला हक्क नाही.

वैशाली आता सातपूरला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. सकाळच्या पाळीला जाते, पोळ्यांवर देखरेख करते. तिच्या गच्चीवर सासूचे कपडे वाळतात. पुण्याच्या बाईंसमोर मान खाली घातली ती तिनं. गल्लीतली बोलणी ऐकली ती तिनं. आपल्यालाच अक्कल नाही असं मानून जगली, ती तीच. माझ्या बाबतीत यातलं काहीही झालं नाही.