निघाले एकेचाळीस

तुमची सोसायटी उभी आहे, त्या जमिनीवर आधी कोण उतरत होतं, हे कधी विचारलंत?

मी आजच्या नवी मुंबईतल्या करावे गावचा, खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातला. आणीबाणी उठली त्या वर्षी लडाखच्या एका पोस्टवर वायरलेस सांभाळत होतो. नियम साधा होता. तुकडी उतरली की किती निघाले ते आम्ही खाली कळवायचं, किती पोचले ते खालच्या पोस्टने. आकडा जुळेपर्यंत सेट बंद करायचा नाही.

सप्टेंबरात एका पहाटे स्टँड-टूच्या, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायच्या वेळी खिंडीवरून थवा आला. लांब सरळ चोची, काळ्या शेपट्या. मी ओळखले. पाणटिवळे. दर थंडीत आमच्या खाडीच्या चिखलात किडे टिपणारे.

लान्स नाईक सदाशिव साताऱ्याचा. म्हणाला, "तुझं गाववालं निघालं की सुट्टीवर! पास कुणी सही केला रं?"

"गावी गेलो की विचारतो."

"इचार. निघाल्याचा आकडा माझा, पोचल्याचा तू कळव."

त्याने मेसेज पॅडच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: एकेचाळीस.

तिसऱ्या दिवशी ०७०० वाजता सहाजणांची गस्तीची तुकडी उतरली. सदाशिव तिच्यात होता. ११२० ला सेट बोलला.

"पोचले पाच. ओव्हर."

"निघाले सहा. पुन्हा सांगा. ओव्हर."

"पाच. बर्फाचा कडा तुटला. सदाशिव गेला. ओव्हर."

संध्याकाळपर्यंत मी सेट बंद केला नाही.

डिसेंबरात सुट्टीवर आलो. ओहोटीला चिखल पाणटिवळ्यांनी भरला होता. मोजताना एकेचाळीस केव्हाच मागे पडले. रिपोर्ट लिहिला. पाठवायचा कुणाला?

काही वर्षांनी पेन्शनवर घरी परतलो, तेव्हा खाडीत भरावाचे ट्रक रिकामे होत होते. थवे दर थंडीला विरळ. एका सकाळी मी ट्रकसमोर उभा राहिलो.

सुपरवायझर म्हणाला, "काका, साइडला व्हा ना. चिखल तर आहे नुसता."

"पोस्ट आहे ही. बदली माणूस आल्याशिवाय सोडत नाही."

"कसली पोस्ट? पाखरं आहेत ती!"

"लांबून आलीत. मोजायचीत."

त्या दिवशी ट्रक मागे गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने आला. मीही त्या बाजूला गेलो. अजून जातो. गेल्या थंडीत माझा आकडा एकेचाळीसला पोचला नाही.

येत्या थंडीत ओहोटीच्या वेळी बांधावर या. वही आणा. पोचलेले मोजा, आणि ट्रक दिसला तर माझ्या शेजारी उभे राहा. निघाल्याचा आकडा सदाशिवने देऊन ठेवला आहे. पोचल्याचा तुम्ही कळवा.