ताईने मुद्दाम बिघडवलेला ड्राइव्ह

माझी थोरली बहीण बहात्तर वर्षांची आहे. नोकरीत तिने आधी टाइपरायटर दुरुस्त केले, मग बेरजेची यंत्रे, मग कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत टेबल मांडले आणि लोक आपापले जुने कॉम्प्युटर घेऊन जिना चढू लागले. बहुतेकांना त्यावर पूर्वीचा एखादा खेळ पुन्हा खेळायचा असतो. मी खालच्या मजल्यावर राहतो. टॉर्च धरणे, स्क्रू वाटीत गोळा करणे, एवढे काम मला जमते.

तिची एक सवय आधी सांगायला हवी, कारण घोळ तिच्यामुळेच झाला. तक्रार काहीही असो, आलेले यंत्र ती पूर्ण उघडते, पुसते आणि प्रत्येक भाग मापात आणते. मी एकदा म्हटले, "ताई, त्यांनी फक्त की-बोर्डबद्दल सांगितलंय." तर म्हणाली, "छोट्या, गुडघा दाखवायला गेलास तर डॉक्टर नाडी बघत नाही का?" मी अडुसष्टचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच.

एका बुधवारी दोन गृहस्थ धापा टाकत वर आले. दोघांच्या मध्ये चादरीत बांधलेला कॉम्प्युटर. पूर्वी एकाच कार्यालयात समोरासमोर बसायचे. एक येणारी पत्रे नोंदवायचा, दुसरा जाणारी. तिथे सगळे त्यांना आवक आणि जावक म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. आवक उंच आणि शांत. जावक बुटके, आणि त्यांचे तोंड एक क्षण बंद नसे.

जावकांनी खिशातून एक मोठी, पातळ, काळी फ्लॉपी काढली. "ताई, यात राजवाडा आहे. पन्नास खोल्या. जेवणाच्या सुट्टीत चौदा महिने खेळलो. शेवटच्या खोलीत पोचलो. दोन दारं. एकामागे मुकुट, दुसऱ्यामागे पहारेकरी. तेवढ्यात सुट्टी संपली. खेळ तिथंच साठवला आणि सोमवारी येऊन बघतो तर मशीनच बदललेली!"

"मुकुट डाव्या दारामागे आहे," आवक म्हणाले.

"उजव्या! एकतीस वर्षं सांगतोय. माझं ऑपरेशन झालं तेव्हा हा भेटायला आला. मी डोळे उघडले आणि पहिला शब्द बोललो, उजवं."

"म्हणूनच मला वाटलं, भूल उतरली नाही."

खेळाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. भंगारात निघालेली आपली मशीन जावकांनी घरी आणून ठेवली होती, पण घरी आल्यापासून ती कधीच सुरू झाली नव्हती. आता घाई अशी की आवक हे गाव कायमचे सोडून मुलीकडे राहायला निघाले होते. ती बारा तासांच्या अंतरावर राहते. रविवारी दुपारी चारला गाडी घेऊन येणार होती.

"रविवारी अकराला या," ताई म्हणाली.

तिने तीन दिवस मान वर केली नाही. गळलेली बॅटरी काढली, वीजपुरवठ्याचे दोन भाग बदलले, कळा धुतल्या. फ्लॉपीचा ड्राइव्ह मापाला लावून बघितला तेव्हा तो जरासा सरकलेला निघाला. तोही तिने सरळ केला. शनिवारी पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या.

रविवारी ते दोघे पावणेअकरालाच दारात. ताईने स्वतःच्या चार फ्लॉप्या लावून दाखवल्या, चारही चालल्या. मग राजवाड्याची घातली. कर्र. कर्र. टक. वाचता येत नाही.

तिने ड्राइव्ह पुसला. दुसरा ड्राइव्ह लावला. तिसरा लावला. कर्र, कर्र, टक. दोन वाजले. शेवटी ताईने चष्मा काढला. "वाईट वाटतंय सांगायला. फ्लॉपी गेली."

आवक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. जावकांना ते बघवेना. ते आपले काहीतरी हसवायचे म्हणून बोलत सुटले. "अरे, साहेबांच्या हाती लागली होती तेव्हाच जायची ही! आठवतं? साहेबांनी आपल्या टेबलावरून उचलली, स्वतःच्या मशीनमध्ये घातली. आपल्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्यांच्या मशीनवर काहीच दिसेना! म्हणे, बिनकामाच्या फ्लॉप्या कशाला सांभाळता? आपल्याकडे आणली तर पाच मिनिटांत राजवाडा हजर."

ताईचा हात थांबला. "काय म्हणालात? परत सांगा."

"साहेबांच्या मशीनवर…"

"आणि दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालायची?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर चौदा महिने सापडलो नाही!"

ताई खुर्चीत सरळ बसली. तिचे डोळे असे चमकले की मी टॉर्च शोधायला लागलो.

"फ्लॉपीवर गोल वाटा असतात," ती म्हणाली. "ड्राइव्हमधलं वाचणारं-लिहिणारं हेड त्या वाटांवरून फिरतं. तुमचं हेड पहिल्यापासून केसभर बाजूला होतं. बाजूला लिहायचं आणि बाजूलाच वाचायचं, म्हणून त्याचं त्याला कळायचं, इतरांना नाही. परवा मी ते सरळ केलं. तुमची फ्लॉपी ठणठणीत आहे. बिघाड मी केलाय."

माझ्या आठवणीत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच आले.

आवक खिडकीपासून वळले. "मग पुन्हा वाकडं करता येईल?"

"करायचंच आहे. पण किती वाकडं होतं त्याची खूण मी ठेवलेली नाही."

"ताई! तू खूण ठेवली नाहीस?" मी म्हटले.

"सरळ करायचं होतं, वाकड्याची खूण कशाला ठेवू? टॉर्च धर."

मूळ ड्राइव्ह परत लावला. त्यात हेड सरकवणाऱ्या छोट्या मोटरला दोन स्क्रू होते. भिंगातून बघितल्यावर वॉशरच्या कडेला त्याच्या जुन्या जागेचा पुसटसा अर्धगोल ठसा दिसला. म्हणजे कुठल्या बाजूला फिरवायची ते कळले. किती, ते बोटांनीच शोधायचे होते. टॉर्च आवकांकडे गेला. मी की-बोर्डसमोर, पुन्हा वाचायला सांगणारी कळ दाबायला. जावकांना गप्प बसायचे काम दिले, आणि तेच सगळ्यात अवघड होते.

"फार वेळा करता येणार नाही," ताई म्हणाली. "फ्लॉपी एकाच जागी घासत राहिली तर तिच्यावरचा माहिती धरून ठेवणारा लेप निघेल. मग खरंच संपलं. दाब."

कर्र. टक.

ती मोटर जेमतेम हलवायची, मान कलती करून ऐकायची. "दाब." टक. "दाब." टक. मी दहापर्यंत मोजले आणि मग भीतीने मोजणे सोडले. तीन वाजून गेले. जावक तोंडावर रुमाल धरून बसले होते.

आणि आवाज बदलला. टक आला, पण उशिरा.

"ऐकलंत?" ताई कुजबुजली. "जवळ आलोय. दाब."

खर्र, खर्र, खर्र… आणि पडद्यावर फाइलींची नावे एकाखाली एक धावत आली. जावक "राजवाडा!" असे ओरडले की शेजाऱ्यांचे दार उघडल्याचा आवाज आला.

"हलू नका!" ताई ओरडली. "टेबलाला हात लावू नका. श्वास घ्यायचा तर तिकडे तोंड करून घ्या! छोट्या, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये कोरी फ्लॉपी घाल आणि प्रत काढ. स्क्रू आवळायला गेले तर मोटर हलेल. मी धरून ठेवते."

प्रत निघायला चार मिनिटे लागली. ताईची बोटे पांढरी पडली, कोपर थरथरू लागले, पण मोटर हलली नाही. आवकांनी टॉर्च एका हातात धरून दुसऱ्या हाताने तिच्या कोपराला आधार दिला. शेवटची फाइल उतरली तेव्हा कुठे तिने मोटर सोडली.

खाली हॉर्न वाजला. मुलगी वर आली. "बाबा, चार वाजले."

"थांब गं जरा! बस इथं."

प्रत लावली. शेवटची खोली. लहानसा पिवळा माणूस, दोन दारे.

"तुझं डावं उघड," जावक म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "तू निघालायस. तुझंच आधी."

"नाही रे. तुझं उजवं."

"अरे, डावं म्हणतोय ना मी!"

"एकतीस वर्षं मी डावं म्हणत होतो तेव्हा ऐकलंस का?" आवक म्हणाले आणि त्यांनी पिवळ्या माणसाला सरळ उजव्या दारात नेले.

पहारेकरी! पिवळा माणूस उलटा पडला.

जावक खुर्चीवरून उठले आणि आवकांच्या पाठीवर धपाधप मारू लागले. "डावं! अरे गाढवा, डावंच होतं! तू बरोबर होतास!" हरलेला माणूस इतक्या आनंदाने नाचताना मी पाहिला नव्हता. खेळ पुन्हा लावला. या वेळी बाणाच्या कळेवर दोघांचीही बोटे होती. डावे दार उघडले, मुकुट झळकला आणि त्या जुन्या डब्यातून चिरकी, बेसूर धून वाजू लागली. मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. ताई बोटे चोळत म्हणाली, "परत दाखवा. माझं बघायचं राहिलं." तिला दोनदा दाखवले.

गाडी पावणेपाचला सुटली. मित्राची पिशवी घेऊन जिना उतरताना जावक भेटेल त्याला सांगत होते, "डावं होतं हो, डावं!" आणि मागून येणारे आवक त्यांना म्हणत होते, "अरे, हळू. पायरी बघ."