आडव्या तुळईला आगाऊ नमस्कार

डॉक्टर शशिधर पेंढरकर यांनी लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं माणसांना झोपवलं. ते भूलतज्ज्ञ होते. निवृत्तीनंतर ज्यांनी त्यांचं विमानावरचं व्याख्यान ऐकलं, त्यांच्या मते डॉक्टरांची प्रॅक्टिस अजून चालूच होती.

विमान म्हणजे लँकॅस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बाँबफेकी धूड. लिंकनशरमधल्या एका जुन्या विमानतळावर हौशी मंडळींनी ते जिवापाड जपलं होतं. उडायचं नाही, पण जत्रेच्या रविवारी चारही इंजिनं चालू करून गवतावर ऐटीत एक फेरी मारायचं. डॉक्टर दर शनिवारी दीड तास गाडी हाकत तिथे जायचे आणि पाहुण्यांना गाठायचे. आधी दोन इंजिनांचं विमान काढलं होतं, ती इंजिनं भारी दगाबाज निघाली, मग पंख लांबवून चार बसवली आणि फजितीतून हे रत्न निघालं, हे सांगताना जणू पंख त्यांच्याच घरच्या अंगणात लांबवले होते. पोटात तेहतीस फूट सलग बाँबची जागा हवी, म्हणून पंख पेलणारी जाडजूड तुळई वर, थेट माणसांच्या वाटेत आडवी आलेली. विमानातल्या सात जणांपैकी पुढे बसणाऱ्यांनी ती रोज ओलांडायची.

हे वेड लागलं एका पेशंटमुळे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भुलीतून वर येताना त्या म्हाताऱ्याने डॉक्टरांचं मनगट धरलं आणि विचारलं, "सगळे उतरले का?" तरुणपणी तो लँकॅस्टरच्या शेपटीतली बंदूक चालवणारा गनर होता, हे डॉक्टरांना नंतर कळलं. त्या क्षणी ते नुसते चाचरले, आणि म्हातारा पुन्हा झोपी गेला. उत्तर राहूनच गेलं. त्याच आठवड्यात लायब्ररीतून पहिलं पुस्तक घरी आलं. बाँबफेकी विमानांतून गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे परत आलेच नव्हते. खाली जळालेल्या शहरांचा हिशेब वेगळाच. डॉक्टर पाहुण्यांना दोन्ही सांगत, आणि तेवढा वेळ चष्मा पुसत.

२००५च्या मे महिन्यात फेरीत विमानात बसणाऱ्या मंडळींतला वायरलेसवाला स्पेनला राहायला गेला आणि तुळईच्या पलीकडची त्याची खुर्ची रिकामी झाली. लहान मुलाला खिडकीची जागा हवी असते तशी डॉक्टरांना ती खुर्ची हवी होती. पण आग लागली तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून अट होती: शेपटीच्या दारापासून खुर्चीपर्यंत तीस सेकंदांत पोचायचं. वेळ लावायला बेरिल, निवृत्त हेडमिस्ट्रेस. तिचं स्टॉपवॉच आणि तिची भुवई, दोन्ही एकदमच वर जायची.

डॉक्टरांना त्रेचाळीस सेकंद लागले.

निदान सगळ्यांनी एकमताने केलं, पोट. पोट होतंही तसंच दर्शनीय. डॉक्टरांच्या पत्नी मधुमतीबाईंनी सूत्रं हाती घेतली. तीन आठवडे सकाळी दुधी, रात्री दुधी, आणि मध्ये भूक लागलीच तर दुधीचा रस. बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईवाल्याला तर त्यांनी फोन करून ताकीद दिली होती. डॉक्टरांचा पट्टा दोन भोकं आत गेला. शेवटची संधी शनिवारी, जत्रेच्या आदल्या दिवशी. दुधीचं फळ पाहायला मधुमतीबाई जातीने दारात उभ्या.

एकेचाळीस सेकंद. एकवीस दिवसांच्या दुधीचे दोन सेकंद. बेरिलने खेदाने वहीत नाव खोडायला घेतलं.

"अहो," मधुमतीबाई आतल्या अंधारात बघत म्हणाल्या, "तुम्ही नमस्कार कसले करत बसलात?"

"कुठे?"

"तुळईला. पाय लागला की वाकताय, हात लावताय, छातीशी नेताय. एकदा डावा, एकदा उजवा."

डॉक्टर थिजले. साठ वर्षांची सवय, पुस्तकाला पाय लागला, नमस्कार. माणसाला लागला, नमस्कार. ज्या तुळईवरून ती पोरं जाऊन परतली नाहीत तिला पाय लागल्यावर हात आपोआप खाली जाणारच. त्यांनी हे सगळं बेरिलला समजावलं, अर्थात लांबण लावून. ते संपवण्यापूर्वीच तिने विचारलं, "माफी आधी मागितलेली चालते का?"

डॉक्टरांना आई आठवली. सकाळी जमिनीवर पाऊल टेकण्याआधी ती अंथरुणातूनच धरणीची क्षमा मागायची. म्हणजे आगाऊ माफीची सोय खुद्द आईच्या पलंगावरची.

बेरिलने घड्याळ शून्यावर आणलं. डॉक्टर आत गेले, तुळईला दोन्ही हात टेकून, डावा-उजवा एकत्र, एकच भरघोस नमस्कार घातला, दाराशी परत आले, आणि सुटले.

सत्तावीस. मधुमतीबाईंनी पर्समधून बेसनाचा लाडू काढला. तो तिथे आधीपासून होता, म्हणजे दुधीवर त्यांचाही फारसा विश्वास नव्हता.

रविवारी चार इंजिनं एकापाठोपाठ एक खोकत, धुराचे लोट सोडत गर्जायला लागली. डॉक्टरांच्या दातांपासून पट्ट्याच्या नव्या भोकापर्यंत सगळं थरथरत होतं, आणि चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचा आनंद. गवतावरून फेरी झाली, गर्दीने टोप्या हलवल्या, इंजिनं थांबली. बाकीचे भराभर उतरले. डॉक्टर मात्र तुळईपाशी रेंगाळले. आता घड्याळ नव्हतं. डाव्या पायाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, सावकाश नमस्कार करता येत होता.

खालून बेरिलने यादीवर पेन्सिल टेकवून हाक दिली, "सगळे उतरले का?"

डॉक्टरांचा हात छातीशीच राहिला. मग ते तुळई ओलांडून दाराशी आले, शिडी उतरले, दोन्ही पाय गवतावर नीट टेकले.

"हो," ते म्हणाले, जरा मोठ्यानेच. "सगळे उतरले."