वांग्याची गाय

ढोलांचा आवाज डोंगरावरच्या नव्या वस्तीत पोचतो, तेव्हा दिवस कलायला अजून अवकाश आहे आणि फुमिएबाई चटईवर अर्ध्या जाग्या, अर्ध्या झोपेत आहेत. अंगावर जत्रेचा उन्हाळी किमोनो. कमरपट्टा मात्र नुसता गुंडाळलेला. तो पाठीमागे बांधायला दुसरं माणूस लागतं. शेजारीण एका हाकेत धावत आली असती; पण मग महिनाभर तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या असत्या. त्यापेक्षा आडवं होणं परवडलं.

समुद्र गावात शिरला त्याला बरीच वर्षं झाली. गावानं भिंत बांधली, घरं वर नेली, जत्राही पुन्हा सुरू केली. होडी जरा घट्ट बांधून येतो म्हणून गेलेला त्यांचा नवरा शोजी तेवढा परतला नाही. होडी वाचली. दोराची गाठही वाचली.

ओबोन हा तिथला पितरांचा सण. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करायचा, म्हणजे गेलेलं माणूस भरधाव घरी येतं. वांग्याची गाय करायची, म्हणजे जाताना ते रमतगमत जातं. यंदा शोजीच्या फोटोसमोर घोडा आहे. गाय नाही.

"वांगं कुठाय?"

शोजी दारात उभा आहे, गमबुटांसकट.

"भाजून खाल्लं," फुमिएबाई सांगतात.

"एकटीनं?"

"दुसरं होतं कोण?"

तो हसतो. चटई आता शाळेचं पटांगण आहे. कंदील लागलेत, ढोलाच्या माचाभोवती नाचाचं रिंगण फिरतंय, सगळे पाठमोरे. दोघं रिंगणात शिरतात तर पायाखाली जुन्या धक्क्याच्या ओल्या फळ्या. शोजीला नाच कधी जमला नाही. आताही तो पुढच्याच्या टाचेवर पाय देतो.

"अहो, मेलात तरी सुधारला नाहीत!"

"शिकवायला तिथं तू कुठं आहेस?"

फळ्यांच्या फटींतून पाणी दिसतंय. चढतंय. पुढचं रिंगण विरत चाललंय. बाई त्याची बाही धरतात.

"जाऊ नका. गायच केली नाही मी. जाल कशावर?"

"खुळी आहेस. गेलोच नाही, तर पुढच्या वर्षी येईन कुठून?"

बाई बाही आणखी घट्ट धरतात.

"वळ बघू," तो म्हणतो. "हे काय लोंबतंय पाठीशी?"

कमरेशी गार हात. एक हिसका, मग दुसरा.

"घट्ट होतंय हो."

"होऊ दे. सुटणार नाही."

जाग येते तेव्हा ढोल वाजतोच आहे. चटई कोरडी, दारात कोणी नाही. फुमिएबाई उठून बसतात आणि त्यांचा हात पाठीमागे जातो. कमरपट्टा बांधलेला आहे. बायका बांधतात तसं फुलपाखरू नव्हे. दुहेरी वेढा आणि मधून ओढलेला फास, धक्क्याच्या खुंटावर बसते तीच गाठ.

त्या गाठ तशीच ठेवून उठतात. मग स्वयंपाकघरात जातात. शेजारणीनं दिलेल्या दोन वांग्यांतलं एक उरलंय. जेवणाच्या काड्या मोडून त्या त्याला पाय बसवतात. तीन अगदी सारख्या मापाचे.

चौथा मुद्दाम आखूड. लंगडी गाय तेवढीच सावकाश चालेल.