तळमजल्यावरचा अभ्यास

आमच्या ऑफिसात पहिले दोन कॉम्प्युटर आले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि त्यातली बारा वर्षं टायपिस्ट म्हणून काढली होती. मी मूळची अकोल्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले आणि कोथरूडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचा संसार सुरू झाला. कॉम्प्युटर आले ती नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. रोज कुठली तरी नवी कंपनी येत असल्याचं कानावर पडायचं. एके दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "टाइपरायटर आता वर्षभरच. कॉम्प्युटरचा कोर्स करून परीक्षा पास व्हा, नाहीतर तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवावं लागेल."

मी कर्वेनगरच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस, ऑफिसच्या आधी एक तास. माझ्या आजूबाजूला कॉलेजची मुलं-मुली. घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे क्लासमध्ये हात चालवायचा आणि घरी पुस्तक वाचायचं, असं ठरलं. हात चालायचा. पुस्तक मात्र उघडलंच जायचं नाही.

संध्याकाळी घरी आले की मी म्हणायची, चहा झाला की बसू. चहा झाला की डाळीचे डबे पुसावेसे वाटायचे. डबे झाले की पंख्याची पाती दिसायची. आमचं स्वयंपाकघर त्या दोन महिन्यांत जितकं लखलखीत होतं तितकं नंतर कधीच झालं नाही. शिवाय वेळापत्रकं होतीच. चार रंगांच्या स्केचपेनांनी आखलेली, दर रविवारी नवीन. वेळापत्रक केलं की अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. मग भाकरी थापताना अचानक छाती धडधडायला लागायची. नवरा म्हणायचा, "स्वयंपाक मी बघतो, तू बस." तो खरंच कुकर लावायचा, आणि मी पुस्तकापुढे बसून त्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणायची आणि जरा टरकूनच असायची. एकदा जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"अहो, कोर्स कसा चाललाय?"

"अभ्यास करून राहिले ना, बाई," मी म्हटलं. घाबरले की माझी वऱ्हाडी बाहेर येते.

"करून राहिलात, की करायचा राहिलाय?"

मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी दार उघडलं, मला आत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं. पर्समधलं ताजं वेळापत्रकही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं.

"सुरेख आहे. फ्रेम करून लावा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून रोज संध्याकाळी सहा ते पावणेसात इथे यायचं. पुस्तक उघडून या टेबलाशी बसायचं. अभ्यास नाही झाला तरी चालेल. पण पावणेसातपर्यंत उठायचं नाही."

पहिले तीन दिवस मी नुसती बसले. समोर बाई पेपरातलं शब्दकोडं सोडवत. माझ्याकडे बघतसुद्धा नसत. तिथे पुसायला माझे डबे नव्हते. चौथ्या दिवशी कंटाळून मी वाचायला लागले. पावणेसातला बाई विचारत, "आज काय कळलं नाही?" काय कळलं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. न कळलेलं मी वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांना विचारायची. आपल्याला कळत नाही हे उघड लिहून ठेवता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला छत्तिसाव्या वर्षी समजलं. हळूहळू पडद्यावरच्या मेनूची चित्रं वहीत काढून मी पाठ करायला लागले. धडधड पुष्कळ कमी झाली.

मग क्लासची सराव परीक्षा आली. पत्र टाइप करायचं, तक्ता करायचा, फाइल सेव्ह करायची. पत्र माझं सगळ्यांत आधी झालं. पण तक्त्याला हात लावला आणि काहीतरी भलतंच बटण दाबलं गेलं. पडदा कोरा झाला. शेजारच्या मुलीचं सगळं झालं होतं. मी तशीच उठून बाहेर पडले.

त्यानंतर चार दिवस मी तळमजल्यावर गेले नाही. बाईंच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जायची. पाचव्या दिवशी आमची बेल वाजली. दारात बाई, तीन मजले चढून धापा टाकत होत्या.

"मी आजारी आहे की काय, एवढं तरी विचारायला यायचं होतं," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. "वही आणा. काय काय चुकलं ते लिहा."

"सगळंच चुकलं, बाई."

"सगळं असं काही नसतं. लिहा."

मी लिहिलं. फाइल मध्येमध्ये सेव्ह केली नाही. प्रश्न घाईत वाचला. आणि बाईंनी विचारलं म्हणून हेही लिहिलं, की त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"तीनच आहेत की," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यावर उपाय पोहे. उरलेल्या दोन्हींचं आपण बघू."

चार दिवस ज्या गोष्टीनं मला झोपू दिलं नव्हतं, ती वहीच्या तीन ओळींत मावली होती. दुसऱ्या दिवसापासून बाई समोर घड्याळ ठेवून माझ्याकडून जुने प्रश्न सोडवून घेऊ लागल्या. प्रत्येक प्रश्न आधी दोनदा मोठ्यानं वाचायचा, मगच पेन्सिल उचलायची.

खऱ्या परीक्षेत मी पास झाले. पहिल्या वर्गात नाही, पण पास. पेढे घेऊन गेले, तर बाई म्हणाल्या, "मला डायबेटिस आहे. पुढची परीक्षा कधी?" पुढची होतीच. ऑफिसनं मला कॉम्प्युटरवर बसवलं, आणि दोन वर्षांनी नव्या लोकांना शिकवायचं कामही माझ्याकडेच आलं.

पुष्कळ दिवसांनी भाजी घेताना एक अनोळखी आजी भेटल्या. मी कुठल्या सोसायटीत राहते हे कळल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आमच्या बाईंची शिकवणी ती तुम्हीच का? रोज सहाला आम्ही पाचजणी बागेत जमायचो. त्या वर्षी आठ महिने त्या आल्याच नाहीत."

मी तशीच बाईंकडे गेले आणि विचारलं.

"बागेत काय, सुनांच्या तक्रारी ऐकायच्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही निदान गप्प तरी बसायचात."

आभार मानले असते तर त्यांनी तेही खोडून काढले असते. मी उठून दोघींसाठी बिनसाखरेचा चहा ठेवला, आणि त्यांनी तो ठेवू दिला.