बेडूक येऊन राहिले

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. पाच माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसली आणि त्या टेबलावर इंचभर उंचीच्या सैनिकांची लढाई सुरू असली, की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तर रंगवून झालेल्या सैनिकांपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विलायती कंपन्या प्लास्टिकचे राक्षस, सरदार, हाडांचे सापळे सुट्या भागांत विकतात. ते कापायचे, चिकटवायचे, बारीक ब्रशने रंगवायचे आणि मग फासे टाकून एकमेकांच्या फौजा मारायच्या. आमचं रणांगण म्हणजे डॉक्टर पल्लवीच्या धरमपेठेतल्या दातांच्या दवाखान्यामागची खोली. पल्लवी, सॉफ्टवेअरवाला चेतन, नरखेडहून एसटीनं येणारा संत्र्याच्या बगिच्याचा मालक राहुल, निवृत्त गणित शिक्षक मेश्राम सर आणि मी. माझं हुडकेश्वरला औषधांचं दुकान आहे. सरही तिकडेच राहतात.

आमच्यात नियम एकच, आणि तो सरांनी केलेला. स्वतःच्या हातानं रंगवलेली फौजच टेबलावर येईल. चेतननं एकदा पुण्यातल्या कोणाकडून अख्खी फौज रंगवून आणली होती. सरांनी ती उलटून पालटून पाहिली आणि म्हणाले, "छान हाय. ज्यानं रंगवली त्याले पाठव खेळाले!"

*

एप्रिलमधला रविवार होता. चेतन जिंकत आला होता. फासे हातात घेऊन त्यानं सहज फोनकडे पाहिलं आणि फासे तसेच खाली ठेवले.

"बेडूक!" तो ओरडला. "बेडूक परत येऊन राहिले! पूर्ण नवी फौज!"

दलदलीच्या बेडकांची ही फौज कंपनीनं फार पूर्वी बंद केली होती. सरांकडे त्यातले अकरा बेडूक होते, शिशाचे, जड. बाकीच्यांची ते बावीस वर्षं वाट पाहत होते. आम्ही सगळे आनंदानं सरांकडे वळलो. सर चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"बरं झालं," एवढंच म्हणाले.

का, ते मला माहीत होतं. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. या दोन वर्षांत त्यांनी एकही नवा सैनिक टेबलावर आणला नव्हता, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. पल्लवी शेवटी डॉक्टर आहे. निघताना ती हळूच म्हणाली, "सर, बेडकांचे डोळे आणि कडा मी रंगवून देईन. कोणाला कळणार आहे?"

"मले कळन ना, डॉक्टर," सर म्हणाले.

*

राहुल त्या दिवशी गावालाच होता, बगिच्याला पाणी देत. चेतननं त्याला फोन केला. बातमी ऐकून राहुल विहिरीपाशी असा काही ओरडला, की त्याची आई घरातून धावत आली.

"काय झालं गा? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, आई! बेडूक येऊन राहिले!"

आईनं वर आभाळाकडे पाहिलं. ढगाचा पत्ता नाही. मग पोराच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "चाल, घरात चाल. टोपी घालून काहून निंगत नाही तू?"

*

माझी फौज मे महिन्यात घरी आली. खोकं दुकानावर मागवायचं हे शहाणपण मला ऐन वेळी सुचलं नाही. बायकोनं ते हलवून पाहिलं. पलंगाखाली दोन खोकी अजून न उघडलेली आहेत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"काहून? आधीचे सगळे मेले का?"

मेले नाहीत, रंगवायचे राहिलेत, असं मी सांगितलं. ते सांगायला नको होतं.

*

रंगाच्या आधी बेडकांवर काळ्या स्प्रेचा हात मारावा लागतो, म्हणजे वरचा रंग धरतो. नागपूरच्या मे महिन्यात हे काम गच्चीवर, सकाळी सातच्या आत उरकलं तर ठीक. चेतन अकराला उठला. त्या उन्हात स्प्रे बेडकांपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळला, आणि पावडर होऊन वाऱ्याबरोबर पलीकडे गेला. पलीकडे त्याच्या आईच्या कुरडया वाळत होत्या. दोन दिवसांची मेहनत, पांढऱ्याशुभ्र.

काकूंनी एक कुरडई उचलून बोट फिरवलं, बोट काळं झालं.

"घे," त्या म्हणाल्या. "आता पावसाळाभर बेडूकच तळून खाजो!"

*

पल्लवीचं तसं नाही. तिचा हात देवानं मोजूनमापून बनवलाय. वर दातांची सगळी हत्यारं तिच्याकडे, डोळ्यांवर लावायचं भिंगसुद्धा. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती बेडकांचे जोड घासत बसली आणि ट्रे तिथेच राहिला. दुपारचे पहिले पेशंट म्हणून एक आजोबा आले. खुर्चीत आडवे होता होता त्यांचं लक्ष बाजूला गेलं. आठ बेडूक एका ओळीत, आ वासून.

आजोबा उठून बसले. "अगोदर यांचं होऊ द्या, मॅडम. मी थांबतो बाहेर."

*

राहुल आपली फौज संत्र्याच्या पेटीत, तणसाच्या मऊ थरावर ठेवून आणतो. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "संत्रे हायत का?"

"नाही, बेडूक."

शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली. कंडक्टरनं पेटीकडे पाहिलं, राहुलकडे पाहिलं.

"जिवंत हायत?"

"नाही."

"मंग हाफ बी लागत नाही. बस!"

*

हे सगळं होत असताना सरांचं काय चाललंय, हे कोणी विचारत नव्हतं. खोकं त्यांनी घेतलंय, इतकंच माहीत होतं. मग एक दिवस मेश्राम काकू दुकानात सरांच्या गोळ्या न्यायला आल्या.

"खोलीचं दार लावून बसतात, भाऊ. तीन बेडूक रंगवले न् तीनही धुऊन टाकले. परवा ब्रश फेकला भिंतीवर. चाळीस वर्षांत काही फेकलं नव्हतं हो त्यायनं. तुमी सांगा ना त्यायले. सोडून द्या म्हणा आता."

मी गोळ्या बांधून दिल्या. सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. फार वाईट वाटलं त्या दिवशी. नियम बदलू या असं मी पल्लवी, चेतन आणि राहुलला फोनवर म्हणून पाहिलं. तिघंही हो म्हणाले. पण सरांना जाऊन सांगायचं काम तिघांनी एकमेकांवर ढकललं, आणि मीही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी नव्या फौजांची पहिली लढाई ठरली होती. सर आले. हातात पोळ्यांचा मोठा डबा. आम्हाला वाटलं, काकूंनी काही करून पाठवलं. सरांनी झाकण काढलं, आणि डावा हात उजव्या मनगटाला लावून एकेक बेडूक टेबलावर मांडायला सुरुवात केली. चाळीस बेडूक मांडायला बराच वेळ लागला. कोणी मदत केली नाही. चेतनचा हात एकदा पुढे गेला होता, तो राहुलनं धरला.

मी इतकी वर्षं हे खेळतोय, पण तशी कातडी मी कोणाच्या सैनिकाची पाहिली नाही. पिवळ्यावर हिरवे, हिरव्यावर तपकिरी, असे हजारो बारीक ठिपके. कुठे दाट, कुठे विरळ, एकासारखा दुसरा बेडूक नाही. आत्ताच डबक्यातून निघाल्यासारखे ओले दिसत होते. पल्लवीनं भिंग लावलं आणि एक बेडूक उचलून कितीतरी वेळ पाहत राहिली.

डोळे मात्र जमले नव्हते. राहुलनं वाकून पाहिलं.

"सर, याचा एक डोळा कामठीकडे न् एक वर्धेकडे पाहून राहिला."

"बेडूक हाय तो," सर म्हणाले. "त्याले दोन्हीकडचं दिसते!"

त्या दिवशी सर तिसऱ्याच फेरीत हरले. चाळीसच्या चाळीस बेडूक मेले. प्रत्येक मेलेला बेडूक ते स्वतः उचलून डब्यात ठेवत होते आणि हसत होते.

पुढच्या रविवारी पल्लवी लवकर येऊन बसली होती. तिच्यापुढे तिचे चार बेडूक, चारही वेगवेगळ्या तऱ्हेनं रंगवलेले. सर आल्या आल्या तिनं ते त्यांच्या एका बेडकाशेजारी ठेवले.

"सर, आठवडाभर हेच करतेय. माझे ठिपके ओळीनं येतात. मुद्दाम वेडेवाकडे काढले तर मुद्दाम काढलेले दिसतात. तुमच्यासारखे पडतच नाहीत. मला शिकवा ना."

सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिला दिवा जवळ घ्यायला सांगितलं. मग तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि सुलटा-उलटा करून नीट पाहिला. त्यांच्या थरथरीनं तिचाही हात हलत होता. सरांनी मान डोलावली.

"हात लय पक्का हाय वं तुझा," ते म्हणाले. "अजून चाळीस वर्षं थांबा लागन!"